पहिल्या अंकापूर्वीचा जमाखर्च

मराठी समाजात नियतकालिक काढण्याची हौस नवी नाही. एखाद्या महाविद्यालयातील चार समानधर्मी अध्यापक एकत्र आले, तालुक्याच्या गावी साहित्यप्रेमी कारकुनांचे मंडळ जमले किंवा एखाद्या चळवळीतील तरुणांना आपले म्हणणे प्रस्थापित पत्रांतून नीट मांडले जात नाही असे वाटू लागले, की आपले स्वतःचे एखादे मासिक अथवा त्रैमासिक असावे हा विचार पुढे येतोच. नाव ठरते, मजकूर जमतो, संपादकीयात संकल्प सोडला जातो आणि गावातील एखाद्या मान्यवराच्या हस्ते पहिल्या अंकाचे प्रकाशन होते. दुसरा अंक थोडा उशिरा निघतो, तिसरा जोडअंक म्हणून येतो, आणि चौथ्याची वाट पाहणारे वर्गणीदार काही काळाने वाट पाहणे सोडून देतात. मागाहून ह्या अपयशाची मीमांसा होते तेव्हा दोष बहुधा वाचकांच्या उदासीनतेवर ठेवला जातो. मराठी माणूस वाचत नाही, वाचले तरी विकत घेत नाही, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणास वाटत नाही.

वाचकांची उदासीनता ही खोटी गोष्ट आहे असे नव्हे. परंतु ती पहिल्या अंकाच्या दिवशीही होती, आणि तिची कल्पना संपादकांना असावयास हवी होती. ज्या गोष्टीची कल्पना आधी असते तिचा हिशेब आधी करता येतो. असा हिशेब आपण करीत नाही, एवढेच नव्हे तर तो करणे हे विचाराच्या व्यवहाराला कमीपणा आणणारे आहे असे मानतो. घर बांधणारा गृहस्थ विटा, वाळू व सिमेंट ह्यांचा अंदाज काढल्याशिवाय पाया खणीत नाही. मुलीच्या लग्नाची यादी महिनोन्‌महिने आधी तयार होते. नियतकालिकाच्या बाबतीत मात्र ‘पुढचे पुढे पाहू’ हे ब्रीद चालते. ह्याची किंमत केवळ संपादकाच्या खिशाला मोजावी लागत नाही. ती त्या विचाराला, त्या वाचकांना आणि पुढे येऊ पाहणाऱ्या दुसऱ्या नियतकालिकालाही मोजावी लागते.

इतिहासाची साक्ष

मराठी नियतकालिकांचा इतिहास आपण विचारांचा इतिहास म्हणून वाचतो. तो जमाखर्चाचा इतिहास म्हणूनही वाचून पाहण्यासारखा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत निघाले आणि १८४० साली बंद पडले. कृष्णराव भालेकर ह्यांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केला. शेतकरी आणि बहुजन समाजाची दुःखे मांडणाऱ्या ह्या पत्राला आर्थिक ओढाताणीमुळे तीन वर्षांतच मान टाकावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८० साली ते मुंबईत नेऊन पुन्हा चालू केले, म्हणून ते वाचले. जोतीराव फुले ह्यांच्या चळवळीचे मुखपत्र ठरलेल्या ह्या पत्राची ही स्थिती होती. वाचक गरीब, जाहिरातदार जवळजवळ नाहीत आणि आश्रयदाता नाही, असा तिहेरी पेच त्यामागे होता.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली तेव्हा शास्त्रीबोवा सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरीचा पगार हाच त्या मासिकाचा खरा आधार होता, आणि लेखनाचा जवळजवळ सगळा भार एकाच माणसाच्या लेखणीवर होता. लेखकाचे मानधन, संपादकाचे वेतन ही कलमे त्या जमाखर्चात नव्हतीच. नोकरी सोडल्यानंतर त्यांनी छापखाना, पुस्तकांचे दुकान, शाळा आणि मग १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ असे एकमेकांना पूरक उद्योग सहकाऱ्यांसह उभे केले. ह्या योजनेत छापखान्याचे स्थान महत्त्वाचे आहे. पत्र स्वतःचे आणि छापखाना दुसऱ्याचा अशी स्थिती असली की पत्राचे आयुष्य छापखान्याच्या थकबाकीवर अवलंबून राहते, हे ह्या मंडळींनी ओळखले होते. तरीही पहिल्याच वर्षी त्यांना एका अनपेक्षित खर्चाला तोंड द्यावे लागले. कोल्हापूर संस्थानच्या कारभारासंबंधी छापलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ साली टिळक व आगरकर ह्यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. निर्भीडपणा हाही नियतकालिकाच्या खर्चाच्या बाजूला मांडावयाचा आकडा आहे, हा त्यातला धडा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. ह्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने छापली नाही, हे आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ज्या समाजासाठी पत्र काढावयाचे त्या समाजाजवळ वर्गणीला पैसा नाही, आणि ज्यांच्याजवळ पैसा व प्रसार आहे ते दाम देऊनही दार उघडीत नाहीत, अशी ती कोंडी होती. त्याच वर्षी आंबेडकर अध्ययनासाठी लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत पत्र बंद पडले. पुढे १९२७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले. त्याचे रकानेच्या रकाने त्यांना स्वतः लिहून भरावे लागत, आणि तेही पत्र १९२९ पलीकडे चालू शकले नाही.

आणखी एक उदाहरण र. धों. कर्वे ह्यांचे. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातील प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. त्यानंतर जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. चालकाने स्वतःच्या गरजा कमीत कमी ठेवल्या, हेच त्या मासिकाच्या दीर्घायुष्याचे एक कारण होते.

ह्याच्या उलट बाजूला किर्लोस्करवाडीचे चित्र दिसते. १९२० साली कारखान्याचे वृत्त देणारे म्हणून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले, आणि त्याला १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ अशी भावंडे मिळाली. शंकरराव किर्लोस्करांची संपादनदृष्टी तर त्यामागे होतीच. परंतु एका उभ्या उद्योगाचा टेकूही प्रारंभीच्या काळात होता.

ह्या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक नियतकालिकात प्रारंभी तूट असतेच, आणि ती कोणीतरी भरून काढीत असतो. कधी तो शाळामास्तरचा पगार असतो, कधी संस्थानिकाची देणगी, कधी कारखाना, तर कधी संपादकाचे कुटुंब. म्हणून नियतकालिक काढू इच्छिणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की ही तूट किती, ती किती काळ राहील आणि ती कोण सोसणार? हे उत्तर कागदावर उतरले म्हणजेच अंदाजपत्रक झाले.

कागदावरचा हिशेब

असे अंदाजपत्रक करणे कठीण नाही. प्राथमिक शाळेतील त्रैराशिकापलीकडचे गणित त्यात लागत नाही. उदाहरणादाखल चौसष्ट पृष्ठांचे एक डेमी आकाराचे त्रैमासिक घेऊ. अठरा बाय तेवीस इंचांच्या एका तावात डेमी अष्टपत्री आकाराची सोळा पृष्ठे बसतात. छापखान्याच्या भाषेत हा एक फॉर्म. चौसष्ट पृष्ठांना चार ताव लागतात. पाचशे प्रतींना दोन हजार ताव, म्हणजे चार रीम. त्यावर वाया जाणाऱ्या कागदासाठी शेकडा पाच तरी धरावेत. सत्तर ग्रॅमी कागदाचा असा एक ताव सुमारे पावणेएकोणीस ग्रॅम भरतो. चार ताव आणि जाड कागदाचे मुखपृष्ठ मिळून अंकाचे वजन नव्वद ग्रॅमांच्या आसपास जाते. उत्साहाच्या भरात आणखी एक फॉर्म वाढविला की वजन शंभर ग्रॅमांपलीकडे जाते आणि टपालाचा दर पुढच्या टप्प्यावर चढतो. एखादी दीर्घकथा ह्या अंकात घ्यावी की पुढच्या, ह्या वाङ्मयीन प्रश्नाला अशी तराजूची बाजूही असते.

आता रुपयांचा हिशेब. दर गावोगाव निराळे असतात व ते बदलतही राहतात. म्हणून पुढील आकडे केवळ गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या छापखान्याचा दर घालून तेच गणित पुन्हा करावे. अक्षरजुळणी व मुद्रितशोधन ह्यांस ५,५०० रुपये, मुखपृष्ठाच्या चित्राला २,५०० रुपये आणि छपाईच्या प्लेटा व यंत्रावरील तयारी ह्यांस ४,००० रुपये असे एका अंकामागे १२,००० रुपये धरू. हा स्थिर खर्च. शंभर प्रती काढा की हजार काढा, तो सारखाच राहतो. कागद, छपाई व बांधणी ह्यांस दर प्रतीमागे ३० रुपये आणि लिफाफा व टपाल ह्यांस १० रुपये धरू. हा प्रतीगणिक वाढणारा खर्च चाळीस रुपये होतो.

ह्यावरून तीनशे प्रती काढल्यास अंकाचा खर्च २४,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे ८० रुपये पडतो. पाचशे प्रती काढल्यास ३२,००० रुपये होतात आणि प्रत ६४ रुपयांना पडते. हजार प्रतींना ५२,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे ५२. हे आकडे पाहून नवा संपादक एका मोहात सापडतो. प्रती वाढविल्या की प्रत स्वस्त पडते, म्हणून तो पाचशे छापतो. वर्गणीदार असतात तीनशे. छपाईचे पैसे पाचशे प्रतींचे द्यावे लागतात, टपालाचे तीनशेंचे. एकूण खर्च ३०,००० रुपये होतो, आणि जी प्रत खरोखर विकली गेली ती शंभर रुपयांना पडते. उरलेल्या दोनशे प्रती कोणाच्या तरी माळ्यावर जाऊन बसतात. स्वस्ताईच्या ह्या हिशेबाने जितकी मराठी नियतकालिके खचली असतील, तितकी टीकाकारांच्या हल्ल्याने खचली नसतील.

दुसरा मोह वर्गणी कमी ठेवण्याचा. वाचकाला परवडले पाहिजे ह्या सद्‌हेतूने संपादक वार्षिक वर्गणी २५० रुपये ठेवतो. चार अंकांना विभागली असता ती अंकामागे साडेबासष्ट रुपये येते. त्यातून प्रतीचा चाळीस रुपये खर्च वजा जाता साडेबावीस रुपये उरतात, आणि बारा हजारांचा स्थिर खर्च भरून येण्यास ५३४ वर्गणीदार लागतात. तीच वर्गणी ४०० रुपये केली, तर अंकामागे साठ रुपये उरतात आणि दोनशे वर्गणीदारांवर तोंडमिळवणी होते. दीडशे रुपये वर्गणी वाढविली तर तीनशे चौतीस वर्गणीदार कमी चालतात. नव्या नियतकालिकाला ५३४ अनोळखी वाचक मिळविणे सोपे, की आस्था असलेल्या दोनशे वाचकांकडून वर्षाकाठी दीडशे रुपये अधिक घेणे सोपे, ह्याचे उत्तर ज्याने वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार पायपीट केली आहे तो सहज देईल.

न दिसणारी कलमे

येथवरचा हिशेब छापखान्याच्या बिलाचा झाला. खरा खर्च ह्याहून पुष्कळ अधिक असतो. केवळ त्याचे बिल येत नाही म्हणून तो दिसत नाही. पहिले कलम भेटअंकांचे. लेखकांना, परीक्षकांना, ग्रंथालयांना आणि इतर नियतकालिकांशी देवघेव म्हणून पन्नास प्रती सहज जातात. त्यांचे दोन हजार रुपये वर्गणीदारांनीच सोसावयाचे असतात. त्यामुळे तोंडमिळवणीचा आकडा दोनशेवरून २३४ वर जातो.

दुसरे कलम लेखकांच्या मानधनाचे. आठ लेखकांना प्रत्येकी पाचशे रुपये, ही काही मोठी रक्कम नव्हे. एखाद्या अभ्यासपूर्ण लेखासाठी लेखकाने केलेला प्रवास, चाळलेली कागदपत्रे आणि रात्रीचे तास लक्षात घेतले तर ती केवळ प्रतीकात्मक आहे. तरी तिच्यामुळे चार हजार रुपये वाढतात आणि आवश्यक वर्गणीदारांची संख्या तीनशेवर जाते. आपल्याकडे हे कलम सहसा पहिल्या फटक्यातच कापले जाते. छापखानदाराला, कागदविक्रेत्याला, टपाल खात्याला रोख पैसे. आणि ज्याच्या मजकुरासाठी हा सारा खटाटोप, त्याला मात्र अंकाच्या दोन प्रती! ही प्रथा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे लेखकांनाही वाटेनासे झाले आहे.

तिसरे आणि सर्वांत मोठे कलम संपादकाच्या श्रमांचे. लेख मागविणे, वाचणे, परत पाठविणे, दुरुस्त करणे, प्रुफे तपासणे, वर्गणीची नोंद ठेवणे, पत्ते चिकटविणे, न पोचलेल्या अंकांच्या तक्रारींना उत्तरे देणे, ह्या कामांना एका अंकामागे शंभर तास लागले असे धरले आणि तासाला केवळ शंभर रुपये मोजले, तरी दहा हजार रुपये होतात. ते हिशेबात घेतले की आपले त्रैमासिक ४६७ वर्गणीदारांवाचून स्वतःच्या पायावर उभे राहत नाही. दोनशे आणि चारशे सदुसष्ट ह्यांतील जे अंतर आहे, ते आज संपादक, लेखक आणि त्यांची कुटुंबे मिळून भरून काढीत असतात. संपादकाने हे पैसे प्रत्यक्ष घ्यावेत असा आग्रह नाही. ज्याला शक्य आहे त्याने आपले श्रम आनंदाने दान द्यावेत. परंतु दान किती दिले हे लिहून ठेवावे. न मोजलेले दान लवकर संपते, आणि ते संपले ह्याची जाणीव होण्यापूर्वी अंक बंद पडलेला असतो.

ह्या कलमाला एक सामाजिक अंगही आहे. फुकट श्रम कोण देऊ शकतो? ज्याला कायम नोकरी आहे, राहते घर आहे, ज्याच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत तो. रोजंदारीवर जगणारी, शिकवण्या करून शिक्षण पुरे करणारी किंवा घर आणि नोकरी ह्या दोहोंचा भार वाहणारी व्यक्ती शंभर तास कोठून आणणार? श्रमांचे मोल शून्य धरणारे अंदाजपत्रक म्हणूनच अशा व्यक्तींना संपादकाच्या खुर्चीपासून न बोलता दूर ठेवते. ‘दीनबंधु’ आणि ‘मूकनायक’ ह्यांच्या वाटेत जी अडचण होती ती आज संपली आहे, असे कोणी समजू नये.

वर्गणी ही ठेव

जमेच्या बाजूचा एक गैरसमज तर नैतिकदृष्ट्याही घातक आहे. वर्षाच्या आरंभी जमलेली वर्गणी संपादकाला उत्पन्न वाटते. वस्तुतः ते कर्ज असते. दोनशे वर्गणीदारांचे ८०,००० रुपये जमा झाले आणि पहिल्या अंकाला २०,००० रुपये लागले, तर उरलेले ६०,००० रुपये हे नियतकालिकाचे नव्हेत. न निघालेल्या तीन अंकांसाठी वाचकांनी ठेवलेली ती ठेव आहे. पहिल्या अंकाचे बहुरंगी मुखपृष्ठ, प्रकाशनसमारंभाचा मंडप आणि निमंत्रणपत्रिका ह्यांवर ती खर्च झाली, की तिसरा अंक निघत नाही आणि वर्गणीदार कायमचा दुखावतो. तो पुढे दुसऱ्या कोणा प्रामाणिक संपादकालाही वर्गणी देताना हात आखडता घेतो. मराठी वाचक वर्गणी देत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी, ह्या वाचकाची वर्गणी आजवर किती वेळा बुडाली असेल, ह्याचाही विचार करावा.

वर्गणीचे पैसे स्वतंत्र बँकखात्यात ठेवावेत आणि अंक टपालात पडल्यावरच त्याचा हिस्सा काढावा, एवढा साधा नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळतील. त्याबरोबर हेही गृहीत धरावे, की वर्षअखेरीस सर्व वर्गणीदार नूतनीकरण करीत नाहीत. तीनशेपैकी एकतृतीयांश गळाले, तर जागेवर राहण्यासाठीच दरसाल शंभर नवे वर्गणीदार मिळवावे लागतात. शिवाय पहिला अंक पाहिल्यावाचून फारसे कोणी वर्गणी भरीत नाही. पहिल्या अंकाच्या पाचशे प्रती नमुना म्हणून धाडावयाच्या आणि दुसऱ्याच्या तीनशे काढावयाच्या, तर वर सांगितलेल्या दरांनी ३२,००० आणि २४,००० मिळून ५६,००० रुपये हाती असल्यावाचून आरंभ करू नये. आणि ते परत येणार नाहीत असे समजूनच ते बाजूला काढावेत.

जाहिरात आणि मिंधेपणा

तूट भरून काढण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे जाहिराती. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांची जी परंपरा महाराष्ट्रात रुजली तिचा आर्थिक कणा जाहिरात हाच राहिला आहे. वर्षभराची तूट एका दिवाळी अंकाने भरून काढणारी नियतकालिके आपल्या पाहण्यात आहेत. ह्यात गैर काही नाही. परंतु मोठ्या शहरातील मोठ्या मासिकाला दहा जाहिरातदार असतात. एकाने पाठ फिरविली तर नऊ उरतात. जिल्ह्याच्या गावातील छोट्या त्रैमासिकाला दोनच असतात: एक सहकारी बँक आणि एक साखर कारखाना, किंवा एक सराफ आणि एक शिकवणीवर्गाचा चालक. मग उसाच्या थकलेल्या बिलांविषयीचा लेख ‘जागेअभावी’ मागे पडतो, आणि शिकवणीवर्गांच्या बाजारीकरणावरील परिसंवाद पुढील अंकासाठी राखून ठेवला जातो. कोणी धमकी दिलेली नसते. जमाखर्चाची वही संपादकाच्या मनात बसून हे काम चुपचाप करीत असते.

म्हणून प्रारंभीचे अंदाजपत्रक जाहिरातींचे उत्पन्न शून्य धरून करावे. जाहिरात आली तर तिच्यातून मानधन वाढवावे, राखीव निधी ठेवावा. परंतु अंकाचे निघणे तिच्यावर अवलंबून असू नये. देणगीसही हाच नियम लागू आहे. संपादकाचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या कलमाइतकेच त्याच्या तोंडमिळवणीच्या आकड्यावर उभे असते. जो दोनशे वाचकांच्या वर्गणीवर अंक काढू शकतो, त्याला गप्प करणे कठीण असते.

‘फुकट’ माध्यमाचा भ्रम

ह्यावर आजचा तरुण म्हणेल, की हा सारा हिशेब कालबाह्य आहे. आता कागद नको, टपाल नको. संगणकावर अंक जुळवावा आणि भ्रमणध्वनीवरून हजारोंना धाडावा. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. १९५५ नंतरच्या दोन दशकांत लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी छापखान्याचा खर्च टाळण्यासाठी सायक्लोस्टाइल यंत्राचा आश्रय घेतला होता. आजच्या तरुणाजवळ त्याहून कितीतरी प्रभावी साधन आहे. तथापि आपल्याच त्रैमासिकाचे आकडे घेऊन पाहावे. तीनशे वर्गणीदार असताना भेटअंक, मानधन व संपादनश्रम धरून एका छापील अंकाचा पुरा खर्च ४०,००० रुपये होतो. कागद, छपाई, प्लेटा, टपाल आणि भेटअंक सर्व वगळले तरी अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, मानधन आणि संपादन ह्यांचे २२,००० रुपये उरतातच. अर्ध्याहून अधिक खर्च जागच्या जागी राहतो. स्वतःचे संकेतस्थळ ठेवावयाचे तर त्याच्या नावाचे व जागेचे भाडे दरसाल निराळे. परक्या कंपनीच्या विनामूल्य जागेत बिऱ्हाड केले तर भाडे वाचते, परंतु आपला मजकूर कोणाच्या दृष्टीस पडावा आणि कोणाच्या पडू नये हे घरमालक ठरवितो. उलट जमेची बाजू मात्र आक्रसते, कारण पडद्यावरचे वाचन फुकटच असावयाचे अशी वाचकाची समजूत झालेली आहे. ज्याचा खर्च दिसत नाही त्याचे अंदाजपत्रक अधिक काळजीने करावे लागते.

एक आक्षेप

ह्या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. चिपळूणकर, आंबेडकर, कर्वे ह्यांनी असा हिशेब करीत बसावयाचे ठरविले असते, तर एकही पत्र निघाले नसते. ध्येयवादाला त्रैराशिक मानवत नाही. हा आक्षेप भावनेला पटणारा असला तरी वस्तुस्थितीला धरून नाही. ह्या थोर मंडळींना तुटीची कल्पना नव्हती असे नाही. ती सोसण्याची तयारी करूनच ते उतरले होते. आर्यभूषण छापखाना उभारणे, छत्रपतींचे साहाय्य मिळविणे, स्वतःच्या गरजा कमी करून मासिक जगविणे, ही तीन निरनिराळ्या प्रकारची अंदाजपत्रकेच होती. तोटा होणार हे ठाऊक असून तो पत्करणे हा ध्येयवाद. तो होणार हे ठाऊकच नसणे हा निष्काळजीपणा.

शिवाय अंदाजपत्रकाचा निष्कर्ष ‘काढू नका’ असाच निघतो असे नाही. कित्येकदा तो ‘लहान काढा’ असा निघतो. चौसष्ट पृष्ठांऐवजी बत्तीस, मासिकाऐवजी त्रैमासिक, बहुरंगी मुखपृष्ठाऐवजी साधे एकरंगी मुखपृष्ठ. वेळेवर निघणारा बत्तीस पृष्ठांचा अंक वाचकाच्या मनात जे स्थान मिळवितो, ते अधूनमधून उगवणाऱ्या दीडशे पृष्ठांच्या जोडअंकाला मिळत नाही. काही वेळा ‘ठरावीक काळासाठीच काढा’ असाही निष्कर्ष निघेल. तीन वर्षे, बारा अंक, आणि मग वर्गणीदारांचा शिल्लक पैसा परत करून सन्मानाने विराम. नियतकालिक चिरंजीव असलेच पाहिजे असे नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाले म्हणून मराठी वाङ्मयातील त्याचे स्थान उणावले नाही.

वाचकांचे कर्तव्य

शेवटी दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली संपादकांना. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या अमलात प्रत्येक वृत्तपत्राला दरवर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात आपल्या मालकीविषयीचे निवेदन छापावे लागे. तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा नोंदणी कायदा लागू झाला आहे. कायदा सांगो वा न सांगो, प्रत्येक छोट्या नियतकालिकाने वर्षातून एकदा एका पृष्ठावर आपला जमाखर्च छापावा: वर्गणीदार किती, वर्गणी किती, जाहिराती कोणाच्या, देणग्या किती, छापखान्याला किती दिले, लेखकांना किती, आणि तूट कोणी भरली. ज्याला हे पृष्ठ छापण्याचा संकोच वाटतो त्याने तो का वाटतो हे स्वतःस विचारावे. ज्याने ते छापले त्याला वाचकांच्या उदासीनतेविषयी बोलण्याचा अधिकार प्राप्त होईल. कारण मग वाचकालाही ‘मला कोठे ठाऊक होते’ असे म्हणता येणार नाही.

दुसरी सूचना वाचकांना, आणि त्यांतही शिक्षक, कारकून व विद्यार्थी ह्यांना. कारण मराठी नियतकालिकांचा भार आजवर ह्याच वर्गाने वाहिला आहे. वर वापरलेल्या आकड्यांनी चारशे रुपयांची वर्गणी महिन्याला साडेतेहतीस रुपयांहून कमी पडते. ज्या नियतकालिकाचा अंक आपण मित्राकडून मागून वाचतो, ग्रंथालयात चाळतो किंवा भेट म्हणून स्वीकारतो, त्याच्या तीनशे आधारांपैकी एक आधार होण्यास एवढेच लागते. एका मोठ्या दैनिकाच्या वाचकांतून एक वाचक कमी झाला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. छोट्या नियतकालिकाच्या अंदाजपत्रकात मात्र प्रत्येक वर्गणीदार हे एक स्वतंत्र कलम असते. तालुक्याच्या गावी कोणी एक अंक काढू पाहत असेल, तर त्याने आधी वही काढून हा हिशेब मांडावा. आणि तो प्रामाणिकपणे मांडलेला आपल्यासमोर आला, तर आपण पहिल्याच अंकाला वर्गणी भरून त्यात आपले नाव लिहावे.